शाळा कायम झाली हो!

गावाला वाईट बातमीचे पेढे खाऊ घालणारा माणूस आमच्या भागात एकच, आणि तो मी.

झालं असं, की त्या दुपारी मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर फोनची वाट पाहत बसलो होतो. गावात फोन तेव्हा बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातला चालू असायचा तो पंचायतीचा. आमच्या होऊ घातलेल्या शाळेचे मुख्याध्यापक सकाळच्या एस.टी.नं पुण्याला शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले होते. गावात आठवी ते दहावीचे वर्ग काढायची परवानगी मिळते की नाही, ते त्या दिवशी कळणार होतं. शाळेसाठी आम्ही गावकऱ्यांनी एक शिक्षण मंडळ स्थापन केलं होतं आणि मी त्याचा सचिव होतो. सचिव का, तर माझं अक्षर बरं आहे. दुसरं कारण कुणालाच आठवत नाही.

फोन वाजला. सर कचेरीबाहेरच्या एसटीडी बूथवरून बोलत होते. "परवानगी मिळाली. पण कायम विनाअनुदानित तत्त्वावर मिळाली. ऐकताय ना? कायम..."

लाइन खराब होती, असं मी पुढं पुष्कळ दिवस सांगत आलो. खरं सांगायचं तर लाइन त्या दिवशी कधी नव्हे इतकी स्वच्छ होती. ऐकू सगळं आलं. डोक्यात मात्र दोनच शब्द शिरले, परवानगी आणि कायम.

आता 'कायम' या शब्दाला आमच्याकडं काय वजन आहे, ते शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. पोरगा कारखान्यात चिकटो, एस.टी.त चिकटो, नाहीतर दूध डेअरीत, लोकांचा पहिला प्रश्न, "टेंपरवारी का कायम?" कायम म्हटलं, की मुलीकडचे पाहुणे बाकड्यावर जरा पुढं सरकून बसतात. मी स्वतः साखर कारखान्यावर हंगामी होतो. कायम होण्याची वाट बघता बघता कपाळ मागं सरकलं आणि शेवटी शेतीवर कायम झालो. असा शब्द कानावर पडल्यावर 'विनाअनुदानित' वगैरे ऐकत कोण उभा राहणार?

मी रिसीव्हर ठेवला आणि देवळाकडं पळालो. तिथं हरिपाठासाठी लाउडस्पीकर असतो. बटण दाबलं, फुंकर मारली आणि ओरडलो, "ग्रामस्थ हो, आनंदाची बातमी! आपली शाळा कायम झाली हो! शाळा कायम झाली!"

रानातली माणसं खुरपी टाकून गावात आली. कुणाच्या तरी लग्नातली उरलेली फटाक्यांची माळ निघाली, ती वाजली. हॉटेलवाल्याकडचे पेढे संपले. मंडळाचे अध्यक्ष आबा, गावातले सगळ्यांत जुने बागाईतदार, त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात पेढा घातला. आमची मंडळीही आली होती, सातवी पास झालेल्या लेकीला घेऊन. ती गर्दीत पुढं येणाऱ्यांतली नाही. देवळाच्या खांबाला टेकून उभी होती आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

संध्याकाळच्या एस.टी.तून मुख्याध्यापक उतरले. चेहरा पडलेला. ते काही बोलायच्या आत आबांनी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला.

"कशाचा?" सरांनी भरल्या तोंडानं विचारलं.

"कशाचा म्हंजे? शाळा कायम झाल्याचा!"

सरांनी पेढा गिळला. कडू औषध गिळावं तसा गिळला. "आबा, शाळा कायम नाही झाली. विनाअनुदान कायम झालं."

"म्हंजे मास्तरांचा पगार?"

"शासन देणार नाही."

"कवा पातुर?"

"कधीच."

"मंग त्यात कायम काय ऱ्हायलं?"

"ते न देणं, आबा."

आबांनी पेढ्याच्या रिकाम्या खोक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "सचिव," ते म्हणाले, "सुतकात पेढं खाल्लं की रं आमी."

मुख्याध्यापकांनी मग ओट्यावर बसून सगळं समजावून सांगितलं. आधीच्या काळात नवी शाळा निघाली, की काही वर्षं गावानं कळ काढायची. मग शासन टप्प्याटप्प्यानं शिक्षकांच्या पगाराचं अनुदान द्यायचं. आता शासनानं धोरण बदललं होतं. नव्या शाळेला परवानगी देऊ, परीक्षेला पोरं बसवू, तपासणीही करू; पगार मात्र आम्ही देणार नाही, आज नाही आणि पुढंही नाही. आमचं गाव नेमकं त्या उंबरठ्यावर अडखळलं होतं.

शाळा एवढी कशाला हवी होती, तेही सांगायला हवं. आमचं गाव लोणीच्याही पुढं, आडबाजूला. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर ओढा ओलांडून, ज्वारीच्या रानातून पायी फाट्यावर जायचं आणि एस.टी.ची वाट बघायची. एस.टी. आली तर आली. पोरं सायकली काढायची. पोरींचं शिक्षण मात्र सातवीच्या निकालाला संपायचं. निकाल एका हातात आणि खुरपं दुसऱ्यात. आमच्या मंडळीचंही तसंच झालं होतं. तिचं माहेर बेल्ह्याकडचं, तिथंही मध्ये एक ओढा होता. ती कधीतरी म्हणायची, "माझी शाळा वढ्याच्या अल्याड संपली." लेक सातवीत गेल्यापासून ती हे जरा जास्त वेळा म्हणायला लागली होती. भाजीत मीठ पडलं का म्हणून विचारलं, तरी फिरून ओढ्यावर यायची.

म्हणून पेढे सुतकात खाल्ले तरी शाळा सुरू करायचीच, असं ठरलं. बंद पडलेल्या दूध डेअरीच्या खोल्या मिळाल्या. पावसाळ्यात भिंतींना आंबट वास यायचा आणि पोरं त्याला 'दह्याचा तास' म्हणायची. मुख्याध्यापक भाषा आणि इतिहास शिकवत. एक बाई नारायणगावहून वडापच्या जीपला लटकून यायच्या. आणि गणित-विज्ञानाला एक तरुण सर आले. पश्चिमेच्या डोंगरातले, घरची भातखाचरं. बी.एस्सी., बी.एड. झालेले. मान खाली घालून बोलायचे, पण फळ्यावर वर्तुळ काढायचे ते कंपासशिवाय. आमची लेक घरी येऊन सांगायची, "बाबा, सरांचं वर्तुळ बशीगत गोल असतं."

पगाराचं काय? मंडळ जमेल तसं मानधन द्यायचं. जमायचं कधी, ते मला विचारू नका, मी सचिव होतो.

दोन वर्षं कशीबशी निघाली. लेक नववीची परीक्षा द्यायला टेकली होती. मार्च महिना, कांद्याची काढणी. सगळ्या गावात एकदम मजूर हवे, त्यामुळं मुकादम आणेल ती टोळी आपली म्हणायची. त्या रविवारी माझ्या रानात टोळी आली. बहुतेक बाया, पात कापायला आणि गोण्या भरायला थोडे गडी. सगळ्यांची तोंडं उन्हासाठी फडक्यांनी गुंडाळलेली. मी मालक या नात्यानं बांधावरून फिरत होतो. बांधावरून फिरणं हे काम मला उत्तम जमतं.

एक गडी कांद्याची पात अगदी बुडख्यापासून छाटत होता. कांद्याला थोडी मान ठेवावी लागते, नाहीतर तो सडतो. माझं डोकं फिरलं. "ओ पावणं! मान ठिवून कापा की! मुंडकीच उडवाय लागलाय कांद्याची! शाळंचं तोंड बघितलंय का कधी?"

गड्यानं मान वर केली. फडक्यातून आवाज आला, "रोज बघतो, भाऊ."

आमची लेक पाण्याची कळशी घेऊन मागंच उभी होती. तिच्या हातातला तांब्या खाली पडला. "सर?"

त्यांनी फडकं सोडलं. गणिताचे सर. कपाळावर मातीचा पट्टा, हातात विळा. मी म्हणालो, "सर, उठा, उठा, सावलीला बसा." त्यावर ते हसले. "आता हजेरी लागलीय माझी. अर्ध्यात उठलो तर मुकादम बोलेल. आमच्याकडं भात आणि नाचणी, भाऊ. कांदा इथंच शिकतोय. मान किती ठेवायची, ते एकदा दाखवा ना."

मी विळा घेतला आणि कापून दाखवलं. माझ्याही कांद्याची मुंडी उडाली. शेवटी आमच्या मंडळीनं खाली बसून दाखवलं. दोन कांदे तिनं कापले, तिसरा सरांनी. तो बरोबर आला. "हां," ती म्हणाली, "आता तुमाला कांदा आला. ह्यांना येईल तवा येईल."

दुपारी सर आमच्यात जेवायला बसले. काही लपवलं नाही त्यांनी, आणि लाजही धरली नाही. ते म्हणाले, रविवारी वर्ग नसतो, खोलीवर बसून काय करायचं. मग बोलता बोलता सांगितलं, चाकणला त्यांचा मित्र कंपनीत आहे, तो बोलावतोय. परीक्षा झाल्या की बघू. भाकरी मोडत सहज सांगितलं. लेक जेवता जेवता थांबली. पुढच्या वर्षी ती दहावीला. तिच्याबरोबरच्या सगळ्याच पोरी दहावीला. सर गेले तर गणिताला माणूस नाही, गणिताला माणूस नाही तर दहावीचा वर्ग नाही, आणि दहावीच नसेल तर बाकीच्या दोन वर्गांत पोरी कोण घालणार? सर जेवले, हात धुतले आणि परत जाऊन वाफ्यात बसले. दिवस मावळेपर्यंत टोळीबरोबर होते.

संध्याकाळी निम्मं रान मोकळं झालं होतं, निम्म्यात कांदा अजून उभा होता. आमची मंडळी त्या उभ्या कांद्याकडं बघत म्हणाली, "ह्यातला एक वाफा शाळंचा."

"म्हणजे?"

"म्हंजे त्यातला कांदा आपला न्हाई. शाळंचा. समद्या गावानं एकेक वाफा सोडला, तर सर कशाला जात्याल चाकणला?"

"लोक सोडतील होय?"

"देवीला बोकड सोडत्यात. शाळंला वाफा सोडाया काय धाड भरली?"

दुसऱ्या दिवशी सभेत मी ही कल्पना मांडली. मांडताना ती माझीच आहे असा आवाज काढला, हे वेगळं सांगायला नको. सभा चावडीसमोर, पिंपळाच्या पाराजवळ. पहिला टोला टेम्पोवाल्याचा. तो कांदा घेऊन मंचरला जायचा, जिभेनं तिखट.

"वा राव! शासनानं सोडलं आन तुमी आमाला धरलं!"

सगळे हसले. एकानं विचारलं, "वाफा लहान का मोठा?" दुसरा म्हणाला, "सचिवांचा वाफा बघून मंग ठरवू." आबांनी काठी आपटली. "सर कुनाच्या रानात रोजानं व्हतं काल, ठाव हाय का? ह्या सचिवाच्या. ह्यानं त्यांना इचारलं, शाळंचं तोंड बघितलंय का." आता हशा झाला तो माझ्यावर. पण तो ओसरल्यावर कुणी वाफ्याला नाही म्हटलं नाही. माझी फजिती अशी कधीकधी गावाच्या कामी येते.

ठरलं असं, की प्रत्येकानं आपल्या उभ्या कांद्यातल्या एका वाफ्यात खुंटी ठोकायची आणि तिला पोरींच्या गणवेशाच्या निळ्या कापडाची चिंधी बांधायची. ती चिंधी दिसली, की तो वाफा शाळेचा.

दोन दिवसांनी मी शिवारातून चक्कर मारली. निळ्या चिंध्या सगळीकडं फडफडत होत्या, आणि बघून मला हसूच आलं. कुणाची खुंटी बाभळीखाली, कुणाची पाणी पोचत नाही त्या टोकाला, कुणाची बांधाला चिकटून, जिथं कांदा लसणाएवढा राहतो. माझी कुठं होती? चिंचेखाली. चिंचेच्या सावलीत आमच्याकडं कांदा कधी धरलेलाच नाही. मी मनात म्हटलं, चला, सगळं गाव आपल्यासारखंच आहे, काळजी नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिंचेखाली खुंटी नव्हती. ती पाटाच्या तोंडाला, पहिल्या वाफ्यात होती, जिथं पाणी आधी लागतं आणि कांदा तळहातात मावत नाही. चिंधीही नवी, घट्ट बांधलेली. मी मंडळीकडं बघितलं. ती गोण्या शिवत होती. तिनं वर बघितलं नाही, मीही विचारलं नाही. काही प्रश्न न विचारण्यातच संसार टिकतो.

आबा बांधावरून चालले होते. थांबले. "सचिव, तुमच्या वाफ्याला पाय फुटलं का?"

"घरातून फुटले, आबा."

आबा काठी टेकत पुढं गेले. ही गोष्ट पाणवठ्यावर गेली आणि तिथून घराघरात. पुढं जे झालं त्याचा मला आजही अभिमान वाटतो, जरी त्यात माझं कर्तृत्व शून्य. शिवारातल्या खुंट्या चालायला लागल्या. बाभळीखाली होत्या त्या मधल्या वाफ्यात आल्या, टोकाला होत्या त्या पाटाकडं सरकल्या. खुद्द आबांची खुंटी त्यांच्या म्हातारीनं हलवली. आबा सांगायचे, "माझ्याच रानात माझं कुनी ऐकंना." टेम्पोवाला म्हणाला, "वहिनींनी लई वंगाळ रीत पाडली, राव." म्हणाला खरा, पण त्याचीही हलली होती.

कांदा डेअरीच्या अंगणात जमला. ढीग बघून मुख्याध्यापकांनी पोरांचा खेळाचा तास कांद्याला दिला. मोठा एकीकडं, मध्यम एकीकडं, जोडकांदा वेगळा. गणिताच्या सरांनी मात्र वर्ग सोडला नाही, ते आत नववीची उजळणी घेत होते. माल टेम्पोतून मंचरला गेला, सोबत मी. आडत्यानं विक्रीची पावती लिहायला घेत विचारलं, "पट्टी कुणाच्या नावावर करू?"

"शाळेच्या."

त्यानं पेन थांबवलं. "शाळा कांदा पिकवती?"

"आमची पिकवती," मी म्हणालो. आयुष्यात फार कमी वेळा माझं उत्तर जागच्या जागी बरोबर आलंय, त्यातलं हे एक.

सर चाकणला गेले नाहीत. गावानं त्यांना विचारलं नाही, त्यांनीही काही जाहीर केलं नाही. जूनमध्ये दहावीच्या वर्गात येऊन त्यांनी फळ्यावर वर्तुळ काढलं आणि म्हणाले, "हा धडा मोठा आहे, अर्धा सोडून जाता येत नाही." लेकीनं घरी येऊन ते वाक्य आईला सांगितलं. आई म्हणाली, "काढू दे त्यांना वर्तुळ. कांदा आमी बघतो."

पुढच्या उन्हाळ्यात निकाल लागला. ओढ्याच्या अलीकडं राहून दहावी झालेल्या गावातल्या त्या पहिल्या पोरी. त्यात आमची. पेढे आणायला मी निघालो तर मंडळी म्हणाली, "तुमी ऱ्हाऊ द्या, मी आणते." निकाल मी नीट वाचलाय का, याची तिनं लेकीकडून खात्री करून घेतली होती.

वाफ्याची रीत त्यानंतरही सुटली नाही. सवय पडून गेली. लेक पुढं शिकायला नारायणगावला गेली, तरी आमच्या पहिल्या वाफ्यात निळी चिंधी दर साली असायचीच. कांद्याचा भाव पडला की शिक्षकांचं मानधन पडायचं. गणिताचे सर म्हणायचे, "सरकारी शिक्षकाला महागाई भत्ता, मला कांदा भत्ता." त्यांचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी तोच प्रश्न विचारला, टेंपरवारी का कायम? सरांनी खरं ते सांगितलं, "कायम आहे, पण विनाअनुदानित." पाहुण्यांना कळलं नाही. म्हणून लग्न जमलं, असं आबांचं मत.

तो शब्द काढून टाकावा म्हणून राज्यभरातले असे शिक्षक मोर्चे काढत होते. एकदा पुण्याच्या मोर्चाला आमच्या शाळेबरोबर मीही गेलो. पुढचा ओरडायचा, "'कायम' शब्द..." आणि मागच्यांनी म्हणायचं, "रद्द करा!" मला आयुष्यभर एकाच घोषणेची सवय. मी हात वर करून जोरात म्हणालो, "झालाच पाहिजे!" शेजारच्या तालुक्यातल्या एका बाईंनी वळून असं बघितलं, की उरलेला रस्ता मी नुसते ओठ हलवत चाललो.

आणि मग, दोन हजार सालानंतरचं ते पहिलं दशक संपता संपता, शासनानं तो शब्द खरोखर वगळला.

बातमी मुख्याध्यापकांनीच फोन करून दिली. आता माझ्या खिशात मोबाइल होता. या खेपेला मी शेवटपर्यंत ऐकलं. तीन वेळा विचारून घेतलं. "सर, नक्की काय सांगायचं? शब्द सांगा." सर म्हणाले, "शासनानं 'कायम' शब्द काढला, एवढंच सांगा. पदरचं काही घालू नका."

मी देवळात गेलो. बटण दाबलं. फुंकर मारली. पदरचं काही घातलं नाही. उलट, बोलताना एक शब्द माझ्याकडून पदरात राहून गेला. "ग्रामस्थ हो! शासनानं आपल्या शाळेचं कायम काढलं हो! कायम काढलं!"

पुन्हा रानातली माणसं धावत आली. पण या वेळी कुणी माळ आणली नाही. बायांनी तोंडाला पदर लावलेले. एकजण शाळेत जाऊन आपल्या नातीला दप्तरासकट घेऊनच आली होती. आबा आता खूप थकले होते, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले.

"बंद किली? कुनी बंद किली?"

"आबा, तसं नाही..."

"शाळा आमी चालवली. कांद्यावर चालवली. ते कोन बंद करनार? चला मंचरला. रस्त्यावर बसू."

तेवढ्यात टेम्पोवाला गर्दीतून पुढं आला. तोच, शासनानं सोडलं आन तुमी आमाला धरलं म्हणणारा. हातात किल्ली. "बसा गाडीत. कोनकोन यायचं? बायांनी पुढं बसा." आणि माणसं खरंच चढायला लागली. भर दुपारी, हातातलं काम टाकून. एक म्हातारी चढता येईना म्हणून खालून ओरडत होती, "मला वर घ्या रं, माझी पणती शिकती तितं!"

मी माइक हातात धरून उभा होतो. खुलासा करायचं सुचत नव्हतं असं नाही, पण मी त्या टेम्पोकडं बघतच राहिलो. माझ्याकडून गावाचा पुन्हा घोटाळा झाला होता आणि त्या घोटाळ्यात मला माझं गाव जितकं स्वच्छ दिसलं, तितकं कधी दिसलं नव्हतं. पेढ्याच्या दिवशी ही माणसं शाळा मिळाली म्हणून नाचली होती. आज ती शाळेसाठी रस्ता अडवायला निघाली होती.

गलका ऐकून गणिताचे सर वर्ग सोडून आले. बोटांना खडू. मुख्याध्यापकांचा फोन त्यांनाही आला होता. ते टेम्पोच्या फळीवर चढले. "आबा, 'कायम विनाअनुदानित'मधलं 'कायम' गेलं. शाळा आहे तशी आहे. आता अनुदान मिळू शकतं."

"कवा?"

"तपासणी होईल. मग टप्प्याटप्प्यानं. वेळ लागेल."

"म्हंजे वंगाळ न्हाई?"

"चांगलं आहे, आबा."

"पेढं आणायचं का न्हाई, येवढंच सांगा."

"आणा."

आबांनी काठी माझ्याकडं रोखली. "आन हितनं पुढं ह्या सचिवाला इचारून पेढं आणायचं न्हाईत. सरांना इचारून आणायचं." सगळे हसले. टेम्पोतून उतरणारे हसले, आणि ज्या म्हातारीला वर चढता आलं नव्हतं तीही हसली. नात दप्तर घेऊन पुन्हा शाळेकडं पळाली.

घरी आलो. मंडळी कांद्याच्या रोपावर पाणी धरून नुकतीच आली होती, पाय धूत होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं. लाउडस्पीकर आमच्या रानापर्यंत पोचतो. मी ओट्यावर बसलो आणि आपलं काहीतरी मोठं बोलावं म्हणून म्हणालो, "चला, आता अनुदान येणार. औंदापासून शाळेचा वाफा सोडायची गरज नाही."

तिनं पायावरचा शेवटचा तांब्या ओतला. "अनुदान सरांच्या हातात पडू द्या," ती म्हणाली. "तवर खुंटी पाटाच्या तोंडालाच ऱ्हाईल. आन तुमी ती गुपचूप चिंचंखाली न्यायची न्हाई, आत्ताच सांगून ठिवते."